इंदूरहून रोमला सहकुटुंब: पहिल्या दिवसाचं गणित

पहिल्या दिवसासाठी कोलोसियमचं तिकीट काढू नका. त्यावर नाव आणि वेळ छापलेली असते. विमान लेट झालं की पैसे बुडाले. इंदूरहून इटलीला थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई, आणि बरेचदा पुढे आणखी एक विमानतळ. त्यामुळे त्या दिवशी पोहोचणं, जेवणं, थोडं फिरणं आणि वेळेवर झोपणं, एवढंच ठरवा.

बॅग भरताना एक नियम लक्षात घ्या: बाहेरून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पनीर, खवा घरीच राहू द्या. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरला मर्यादित प्रमाणात मुभा आहे. शेव, चिवडा, पोहे, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) खुशाल न्या. ताजा कढीपत्ता मात्र नको.

इमिग्रेशन कुठे होणार, हे तिकीट काढतानाच पाहा. दुबई-दोहामार्गे गेलात तर ते रोमला होतं. फ्रँकफर्टसारख्या शेंगेन देशातल्या (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) विमानतळावरून गेलात तर तिथेच, आणि रांगेत पुढचं विमान चुकू शकतं. मधे निदान अडीच-तीन तास ठेवा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि ३०,००० युरोंचा विमा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत असू द्या. चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवून काही उपयोग नाही.

फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात जायच्या आधी आकडेमोड करा. लिओनार्दो एक्स्प्रेस थेट तेर्मिनी स्टेशनला ३२ मिनिटांत नेते, तिकीट १४ युरो, आणि तिकीट काढलेल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे १२ वर्षांखालचं एक मूल फुकट. म्हणजे आई-बाबा आणि दोन मुलं २८ युरोत पोहोचतात. विमानतळावरून जुन्या शहरात, म्हणजे ऑरेलियन भिंतीच्या आत जायला टॅक्सीचा दर ठरलेला आहे: सुमारे ५५ युरो, चार माणसं आणि सामान धरून. चौघंही मोठे असतील तर ट्रेनलाही ५६ लागतात, मग दारापर्यंत सोडणारी टॅक्सीच परवडते. आजी-आजोबांसकट सहा जण असाल तर मोठी गाडी आधी ठरवा, साध्या टॅक्सीत मावणार नाही. पांढरी, अधिकृत टॅक्सी रांगेतूनच घ्या. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्यांकडे बघूही नका. स्वस्त लोकल ८ युरोत मिळते, पण ती तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना या बाजूला उतरवते. लोकलचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. तेर्मिनीच्या तिकीट मशीनवर ‘मदत’ करायला येणाऱ्यांपासून पाकीट सांभाळा.

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते, पण सामान आधी ठेवून घेतात. सगळ्यांचे पासपोर्ट मागतात, ते द्यायचेच. शहराचा मुक्काम कर दर माणशी दर रात्री वेगळा भरावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो. तीन तारे असलेल्या हॉटेलात तो ६ युरो आहे. १० वर्षांखालच्या मुलांना माफ. बाथरूममध्ये कमोडशेजारी बिडे (पाण्याने धुण्यासाठीचं बुटकं बेसिन) दिसेल, इटलीत तो घरोघरी असतो. पाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. चार्जरची पातळ दोन पिन चालते. आपली गोल तीन पिन बसत नाही.

संध्याकाळी त्रेवी कारंजं, तिथून दहा मिनिटांवर पँथिऑन, पुढे पाच मिनिटांवर पियाझ्झा नवोना: एवढं पुरे. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, दंड होतो. रस्त्यावरचे लोखंडी नळ पिण्याच्या पाण्याचेच असतात. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते. मुलं तिथेच रमतात. बाटली विकत घेऊ नका.

जेवण साडेसातनंतरच, इंदूरच्या सराफ्यात रात्री उशिरा खायची सवय असलेल्यांना ते जड जाणार नाही. शाकाहारी मंडळींसाठी पिझ्झा मारिनारा सोपा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही. कार्बोनारा आणि अमात्रिचानात डुकराचं मांस असतं, भोपळ्याच्या फुलांच्या भजीत बहुधा अँचोव्ही मासा, आणि पार्मेझान व पेकोरिनो चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य. काटेकोर पाळणाऱ्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ (चीज नको) म्हणावं. कार्ड मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा दर महाग पडतो.

उन्हाळ्यात रोमचे साडेआठ म्हणजे इंदुरातले रात्रीचे बारा. दुपारी पाऊण तासापेक्षा जास्त झोपू नका, नऊपर्यंत कसंबसं ताणा. तरी मुलं पहाटे तीन-चारला उठतीलच, उशाशी चिवडा ठेवा. सहाच्या सुमारास त्रेवीला परत जा, गर्दी नसते. वाटेत एखादा बार, म्हणजे तिथलं कॉफीचं दुकान, उघडला असेल. कॉफी काउंटरला उभ्यानेच घ्या, टेबलावर बसलात की भाव वाढतो.