वीस तारखेचा खडखडाट

पगार एक तारखेला, आणि वीसला मी आईपुढे हात पसरून उभा. इंदुरात खर्चाला निमित्त लागत नाही: सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस. सगळं यूपीआयवर, त्यामुळे पैसे गेलेले जाणवतच नव्हते.

हिशेबाची ॲप्स लावली, आठवड्यात कंटाळलो. शेवटी तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापून पेन्सिलीने खुणा केल्या. भाडं, किराणा ठीक; पण दोनशेच्या आतल्या नोंदीच महिन्याला साडेसहा हजार!

आई म्हणाली, "अरे, आजी डब्यांत पैसे वेगळे ठेवायची की." मग दुसरं बचत खातं यूपीआयला जोडलं, मुख्य खातं तिथून काढलं. दर सोमवारी त्या दुसऱ्या खात्यात पंधराशे. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच खडखडाट; शुक्रवारी मुकाट्याने घरचा डबा. आता रविवारपर्यंत पुरतात. पुण्याचे पाहुणे आले नाहीत तर.