कार्ड मशीनवर सरसकट एकाच दराने कमिशन कापले जात असल्यास : माझा अनुभव

सोलापुरात आमचे चादरी-टॉवेलचे दुकान आहे. कार्ड डेबिट असो वा क्रेडिट, विक्रीची रक्कम खात्यात जमा होताना सरसकट १.८ टक्के कापले जात होते. ग्राहक सेवेकडून 'दर सिस्टीमच ठरवते' एवढेच उत्तर मिळे आणि मशीन परत करण्याच्या इशाऱ्याचाही उपयोग झाला नाही. अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी एका महिन्याचा व्यवहारनिहाय अहवाल मागवला (नुसता जमा रकमेचा गोषवारा निरुपयोगी असतो) आणि रुपे डेबिट, इतर डेबिट व क्रेडिट अशी विभागणी केली. चादरजोडीच्या १,२०० रुपयांवर, रुपे डेबिट असूनही, २१ रुपये ६० पैसे गेलेले दिसले. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिटवर एमडीआर (कार्डाने झालेल्या विक्रीवर दुकानदाराकडून कापले जाणारे कमिशन) शून्य आहे. इतर डेबिट कार्डांसाठी मशीनवर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असल्यास ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. घासाघीस तिथेच करायची.

म्हणून दोन स्वतंत्र ईमेल पाठवले. पहिल्यात व्यवहार क्रमांकांसह डेबिटवरील जादा वसुलीचा परतावा मागितला, कारण तो हक्क आहे, सवलत नव्हे. दुसऱ्यात प्रतिस्पर्धी कंपनीचे लेखी दरपत्रक जोडून क्रेडिटचा दर आणि मशीनचे भाडे कमी करण्याची मागणी केली. तोंडी होकार न स्वीकारता सुधारित दर करारास पुरवणी म्हणून जोडून घेतले आणि पुढच्या जमा रकमेशी कार्डनिहाय ताडून पाहिले. परतावा त्यानंतर जमा झाला.