कपडे धुण्याचा साबण घरी कसा करावा

कपडे धुण्याच्या साबणाला मुळात तीनच जिन्नस लागतात: खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. घरी केलेला साबण स्वस्त पडतो खरा, पण त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिन्ही जिन्नस काट्यावर तोलून घ्यावे लागतात आणि आपल्याकडचे पाणी कोणत्या जातीचे आहे, हे आधी पाहावे लागते. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण साबण तयार झाल्यावर, कपडे करडे पडू लागल्यावर पाहतात. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते.

एक पारदर्शक बाटली अर्धी भरून घ्यावी, तिच्यात साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकावा आणि झाकण लावून बाटली जोरात हलवावी. भरपूर फेस येऊन खालचे पाणी स्वच्छ राहिले, तर पाणी सुफेन आहे. फेस जेमतेम आला, पाणी दुधाळ झाले आणि त्यात पांढरे चिकट कण तरंगू लागले, तर ते जड, म्हणजेच दुष्फेन आहे. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतात आणि तो कापडाच्या धाग्यांत जाऊन बसतो. पाणी थोडेफार जड असेल तर धुण्याचा सोडा हे काम निभावून नेतो, कारण तो कॅल्शियमला साबणाच्या आधीच गाठतो. पाणी फारच जड असेल तर मात्र धुलाई यंत्रात घरचा साबण वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे डिटर्जंटच बरे, कारण त्याचा असा चोथा होत नाही.

आता साबणाकडे वळू. दर १ ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सोडा जास्त झाला तर तो साबणात तसाच राहून हात पोळतो आणि फार कमी पडला तर तेल उरून कपड्यांवर डाग पडतात. पहिल्या खेपेस मी सोडा वाटीने मोजला होता. आठवड्याने वडी कापली तेव्हा आत पांढरे खडे होते, त्यांच्याभोवती ओल सुटली होती आणि बोट लावताच चरचरले. तो सगळा घाणा वाया गेला. तेव्हापासून ग्रॅम दाखवणारा काटा असल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये, असे मी प्रत्येकाला सांगते.

१,००० ग्रॅम खोबरेल तेलासाठी १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३६० ग्रॅम पाणी घ्यावे. या प्रमाणात तेलाचा अगदी थोडा अंश साबण न होता उरतो आणि तो कपड्यांना बाधत नाही. तळणीचे उरलेले तेल गाळून वापरायचे असेल तर ७०० ग्रॅम खोबरेल आणि ३०० ग्रॅम सूर्यफूल तेल धरून सोडा १६५ ग्रॅम व पाणी ३३० ग्रॅम घ्यावे. खर्च आणखी कमी होतो, पण वडी जरा मऊ राहते आणि लवकर खवट होते, म्हणून असा साबण बेताचाच करावा. कॉस्टिक सोडा शुद्ध असावा. मोरी साफ करण्याच्या काही पुड्यांत इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्या चालत नाहीत.

कामाला लागण्यापूर्वी डोळ्यांना चष्म्यासारखे बंदिस्त आवरण, हातांत रबरी मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा हवा. मुले व पाळीव जनावरे दुसऱ्या खोलीत असावीत आणि खिडक्या उघड्या असाव्यात. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा उष्णता सोसणाऱ्या जाड प्लॅस्टिकची घ्यावीत. ॲल्युमिनियमचे भांडे चुकूनही घेऊ नये, कारण कॉस्टिक सोडा ते खातो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

प्रथम गार पाणी भांड्यात घ्यावे आणि त्यात सोडा थोडा थोडा सोडत ढवळावे. हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण सोड्यावर पाणी ओतले तर ते एकदम उकळून अंगावर उडते. मिश्रण पाहता पाहता चटका बसण्याइतके तापते आणि वर वाफ येते, तेव्हा तोंड बाजूला ठेवावे. थेंब अंगावर पडलाच तर ती जागा वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धरावी. व्हिनेगर किंवा लिंबू लावत बसू नये. डोळ्यात गेल्यास पाण्याने धुणे चालू ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

द्रावण निवून ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर आले की तेलही तितकेच कोमट करावे आणि द्रावण तेलात बारीक धारेने सोडावे. नंतर घोटत राहावे. हाताने घोटायला बराच वेळ लागतो, बुडवून फिरवायच्या विजेच्या रवीने मात्र काही मिनिटांत काम होते. सुरुवातीला मिश्रण पातळ व पिवळसर असते, मग ते सायीसारखे पांढुरके होऊ लागते. चमच्याने वरून धार सोडल्यावर तिची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली की थांबावे आणि मिश्रण साच्यात ओतावे. साचा म्हणून आत कागद घातलेला पुठ्ठ्याचा खोकाही चालतो.

खोबरेल तेलाचा साबण फार लवकर घट्ट होतो. साधारण सहा ते बारा तासांत, तो घट्ट पण अजून किंचित उबदार असतानाच, मोजे घालून वड्या पाडाव्यात. उशीर झाला तर सुरीखाली त्याचे तुकडे उडतात. वड्या एकमेकींना न टेकवता हवेशीर जागी चार ते सहा आठवडे सुकवाव्यात. कोरडी वडी हळू झिजते, म्हणून हा वेळ वाचवणे शेवटी महागच पडते.

धुण्याची पूड करायची असेल तर पूर्ण सुकलेली वडी बारीक किसून २०० ग्रॅम किसात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा मिसळावा. सोडा भुकटीच्या स्वरूपातला घ्यावा, कारण स्फटिकांत पाण्याचा अंश बराच असल्याने पूड चिकटते. तो मिळाला नाही तर खायचा सोडा पसरट ताटात घालून २०० अंशांच्या भट्टीत तासभर तापवावा. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते आणि १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात, तोच धुण्याचा सोडा. पूड एका वेळेच्या कपड्यांना दोन मोठे चमचे पुरते. थंड पाण्यात ती नीट विरघळत नाही, म्हणून आधी तांब्याभर गरम पाण्यात कालवून घ्यावी. लोकर आणि रेशीम यांना ही पूड लावू नये, दोन्ही धागे अल्कलीने खराब होतात.

शेवटच्या खळबळीच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले तर कपड्यांतला उरलासुरला सोडा निघतो. साबणाच्या पाण्यात मात्र ते घालू नये, साबण फुटून त्याचे पुन्हा तेलकट आम्ल होते. व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच तर एकत्र येऊच देऊ नयेत, त्यातून विषारी वायू निघतो.

चार-सहा महिन्यांनी एखादा टॉवेल कडक वाटू लागला, तर बादलीभर कडकडीत पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा विरघळवून तो टॉवेल रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी पाणी करडे आणि गढूळ झालेले दिसले, तर धाग्यांत चोथा साठत होता असे समजावे आणि पुढच्या पुडीत किसाचे प्रमाण कमी करून सोड्याचे वाढवावे.