बिघडलेली लिनक्स आयएसओ फाइल संपूर्ण पुन्हा न उतरवता कशी दुरुस्त केली

नव्याने प्रसिद्ध झालेल्या एका लिनक्स वितरणाची (लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीची) आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची संपूर्ण प्रत असलेली एकच फाइल, पेनड्राइव्हवर लिहिल्यावर संगणक त्यावरून सुरू तर झाला, पण इन्स्टॉलर फाइली कॉपी करताना मध्येच थांबत होता. पेनड्राइव्ह बदलूनही तेच घडल्यावर फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, दाखवणारी ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा चालवली. आलेला हॅश प्रकाशकांनी दिलेल्या हॅशशी जुळत नव्हता, म्हणजे दोष फाइलमध्येच होता.

त्याच आवृत्तीचे टॉरेंट (फाइल इतरांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवण्यासाठी लागणारी माहिती) क्लायंटमध्ये, म्हणजे ते उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जोडून साठवणुकीसाठी बिघडलेली आयएसओ होती तोच फोल्डर दिला आणि पुनर्तपासणी करायला लावली. टॉरेंटमध्ये फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश नोंदलेला असल्यामुळे क्लायंटने चांगले तुकडे तसेच ठेवून फक्त खराब तुकडे नव्याने आणले. फाइलचे नाव मात्र टॉरेंटमधील नावाशी तंतोतंत जुळावे लागते, नाहीतर सगळे पहिल्यापासून उतरू लागते.

आता हॅश जुळला; पण हॅश जुळल्याने फाइल अखंड असल्याचे कळते, ती खऱ्या प्रकाशकांची असल्याचे नव्हे. म्हणून जीपीजी स्वाक्षरीही (प्रकाशकांनी आपल्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही) तपासली. त्यानंतर पेनड्राइव्ह पुन्हा लिहिला आणि इन्स्टॉलेशन न अडखळता पूर्ण झाले.