जुन्या शर्यतबाजांच्या आठवणी कशा टिपून ठेवाव्यात

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मुंबईत ज्या मुलांनी यामाहा मोटारसायकलच्या इंजिनातले पोर्ट, म्हणजे वायूंच्या खिडक्या, कानशीने घासले, फियाट मोटारीचे हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, तासून घेतले आणि पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मित्राच्या हातातल्या रुमालाकडे डोळे लावून क्लच धरून ठेवला, ती मुले आता पन्नाशी-साठीत किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या बहुतेक शर्यतींना परवानगी नव्हती, त्यामुळे त्यांची नोंद कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही; ती आहे ती त्यांच्या डोक्यात, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आणि एखाद्या फिकट छायाचित्रात. आपल्या घरात किंवा आळीत असे कोणी असेल, तर त्यांच्याकडून हे सारे नीट कसे काढून घ्यावे आणि कसे जपावे, ते मी माझ्या मामाबरोबर केलेल्या कामाच्या आधारे सांगतो.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. माणसाला भावनांविषयी विचारू नये, यंत्राविषयी विचारावे. पहिल्या भेटीत मी मामाला विचारले, "तेव्हा तुला कसं वाटायचं?" त्यावर "मजा यायची रे, दिवसच वेगळे होते," एवढे बोलून त्याने विषय संपवला. दुसऱ्या खेपेस मी त्याच्याच डब्यातला एक जुना स्पार्क प्लग त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो खिडकीशी धरला, अंगठ्याच्या नखाने इलेक्ट्रोडवरची काजळी खरवडली, पांढऱ्या चिनी मातीच्या टोकाचा रंग निरखला आणि म्हणाला, "हा पावसाळ्यातला. मिक्श्चर रिच होतं, जेट बदलायला वेळच मिळाला नव्हता." जेट म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला, पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा बारीक छिद्राचा भाग. त्यानंतर तो दोन तास बोलत होता. प्लगचे टोक दुधाळ कॉफीच्या रंगाचे असेल तर पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बरोबर, पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी आणि काळेकुट्ट असेल तर जास्त, म्हणजे 'रिच', हे ज्ञान त्या पिढीच्या बोटांत आहे. म्हणून भेटीला जाताना हातात देता येईल अशी एखादी वस्तू अवश्य न्यावी: प्लग, पिस्टन, जुना पाना, काहीही चालेल. वस्तू हातात आली की आठवण आपोआप तपशिलात शिरते.

यंत्राविषयी विचारायचे तर ते आपल्याला थोडे तरी कळले पाहिजे, आणि माझ्या मते निम्मी तयारी इथेच असते. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ पर्यंत तयार होत राहिली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे ११ अश्वशक्ती आणि जेमतेम शंभर किलोच्या आसपास वजन, एवढ्या भांडवलावर ती सिग्नल सुटताच मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे निघे. टू-स्ट्रोक इंजिनात वायूंची ये-जा सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, म्हणजे पोर्टमधून होते. एक्झॉस्टचा पोर्ट वर घासून उंच केला की ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असतानाच्या टप्प्याला, सरकते, मात्र खालचा दम जातो. म्हणून नुसते "पोर्ट घासला होता का?" असे न विचारता "घासल्यावर पहिल्या गिअरमध्ये गाडी मेली का, आणि मग उठायची कुठे?" असे विचारावे. सायलेन्सरमधली जाळी काढली की गाडी पळते, असा समज तेव्हा सर्वत्र होता. वास्तविक टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टमधून परत येणारी दाबाची लाट ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये राखून धरते, त्यामुळे सायलेन्सर विचार न करता रिकामा केला तर आवाज वाढतो आणि ताकद पुष्कळदा घटते. हे ज्यांना स्वतःच्या चुकीतून कळले, त्यांच्या गोष्टी सर्वांत मोलाच्या असतात. त्या घाई न करता ऐकाव्यात. मागचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, किती दातांनी मोठे बसवले होते, हेही जरूर विचारावे, कारण दात वाढले की पिकअप वाढतो आणि टॉप स्पीड उतरतो. म्हणजेच त्या एका आकड्यावरून तो माणूस कमी अंतराची शर्यत खेळत होता की लांबची, ते कळते.

चारचाकीची गोष्ट मुंबईत कुर्ल्याशिवाय पुरी होत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली, आणि १०८९ सीसीच्या त्या इंजिनावर या शहरातल्या अनेक मेकॅनिकांचा हात बसला. हेड तासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवणे, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवणे, सीट आणि बंपर काढून वजन उतरवणे, हे ज्यांनी केले ते गॅरेजवाले भेटले तर त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. चालवणारा विजय लक्षात ठेवतो, तर मेकॅनिक कारण लक्षात ठेवतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसजवळचा सुट्या भागांचा बाजार आणि चोर बाजार या ठिकाणी चौकशी केली तर एखादे जुने उस्ताद अजूनही सापडू शकतात. त्यांच्याशी त्यांच्याच बंबइया हिंदीत बोलावे आणि ते जसे बोलतील तसेच लिहून घ्यावे. शुद्ध मराठीत उतरवण्याच्या नादात त्यांचे अर्धे ज्ञान गळून पडते.

अंतर आणि वेळ यांचा प्रश्न स्वतंत्रपणे काढावा. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर जुन्या फोर्ड गाड्या हलक्या आणि वेगवान करून पळवणाऱ्या तरुणांमधून हॉट रॉडची परंपरा वाढली, १९५१ साली तिथे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे ड्रॅग शर्यतीचे, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत पळण्याच्या शर्यतीचे, प्रमाण अंतर रूढ झाले. तिथे पुढे सुटण्याच्या इशाऱ्यासाठी दिव्यांचा खांब आला. आपल्याकडे रुमाल होता. मामाच्या गटाने अंतर रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर ठरवले होते, चौदा खांब. मी एका रविवारी सकाळी त्या रस्त्याला समांतर असलेल्या पदपथावरून टेप घेऊन चाललो. खांब मध्यंतरी बदलले असतील हे धरूनही ते अंतर पाव मैलाच्या इतके जवळ निघाले की मी तिथेच थांबून मामाला फोन केला. अशी मोजणी आपणही करावी, मात्र रस्त्यावर उतरू नये. तसेच ड्रॅगमध्ये लागलेला वेळ आणि शेवटच्या टोकाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे सांगणाऱ्याला आठवून द्यावे. पुष्कळ आठवणींत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

ध्वनिमुद्रणासाठी महागडे साहित्य लागत नाही, फोन पुरतो. तो सांगणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा, म्हणजे टेबलाची थरथर त्यात उतरत नाही. पंखा बंद करावा, कुकरची वेळ टाळावी आणि शक्यतो गादी व कपड्यांचे कपाट असलेली खोली निवडावी, कारण ती आवाज शोषून घेते. दीड तासाच्या पुढे बसू नये. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याची संमती मोठ्याने नोंदवावी.

वर्षे पडताळून पाहणे हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण आठवण प्रामाणिक असूनही तारीख चुकते. मुंबई हे शहर स्वतःच यात मदत करते. जेजे उड्डाणपूल २००२ साली खुला झाला आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली. तेव्हा त्यांचा उल्लेख १९९५ च्या गोष्टीत आला तर दोन आठवणी एकत्र झाल्या आहेत असे समजावे. छायाचित्रातली नंबर पाटीही बोलते. 'एमएच ०१' किंवा 'एमएच ०२' अशी पाटी असेल तर छायाचित्र १९८९ च्या आधीचे नसावे, कारण एमएच मालिका त्या सुमारास आली. त्याआधीच्या पाट्यांवर तीन इंग्रजी अक्षरे आणि आकडे असत. चूक सापडली तर सांगणाऱ्याला खोटे पाडू नये, "तेव्हा पूल झाला होता का?" एवढेच विचारावे.

छायाचित्रे ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावीत आणि मागच्या बाजूचाही स्कॅन घ्यावा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. चिकट अल्बममधून चित्र ओढून काढू नये, खालून दात साफ करण्याचा धागा हळूहळू सरकवावा. पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशी धरते, म्हणून हे काम हिवाळ्यात करावे आणि मूळ प्रती सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवाव्यात.

आता जड भाग. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, तेव्हाही होता. इतरांची नावे, गाड्यांचे क्रमांक आणि ओळख पटेल असे तपशील प्रसिद्ध करू नयेत. हवे तर घरच्या प्रतीत ठेवावेत. आणि जवळपास प्रत्येक गटात एक नाव असे असते, जे घेतले की सगळे गप्प होतात. मामाच्या गटातही एक होता, हेल्मेट न घालता गेलेला. ते नाव निघाले तेव्हा मामाने ध्वनिमुद्रण बंद करायला सांगितले आणि मी ते बंद केले. महिन्याभराने त्यानेच ते पुन्हा सुरू करायला सांगितले. थांबायला सांगितले तर थांबावे; का ते विचारू नये आणि आठवण करून देऊ नये. ज्यांना आज तोच वेग अनुभवायचा आहे, त्यांना मात्र स्पष्ट सांगावे की धावपट्टीवर रीतसर भरणाऱ्या स्पर्धा असतात. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीत अशा ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत.

शेवटी मजकूर उतरवून तो मोठ्या अक्षरांत छापावा आणि सांगणाऱ्याला वाचायला द्यावा. सोबत पेन्सिल द्यावी, पेन नव्हे, म्हणजे ते मोकळेपणाने दुरुस्ती करतात. मामाने माझी बावीस पाने चष्मा पुसत सावकाश वाचली आणि एकाच ठिकाणी खूण केली. मी मागचे स्प्रॉकेट दोन दातांनी मोठे असल्याचे लिहिले होते. त्याने 'दोन' खोडून 'तीन' लिहिले आणि कडेला बारीक अक्षरांत त्या मेकॅनिकचे नाव टाकले, ज्याने ते एका रात्रीत आणून बसवले होते.