कोल्हापुरात नवीन आलात? पावसाळ्यातलं वाळवण असं करा

सोलापूर, लातूर, जालना, अकोला अशा कोरड्या भागातून नोकरीसाठी किंवा लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्यांसाठी हे लिहिलंय. आम्हीही तिकडूनच आलेलो, आता इथे रुळलोय. तिकडे वाळवण म्हणजे गच्ची, जुनी साडी आणि चार दिवसांचं ऊन. इथे हे गणित मार्चपासून फार तर मेच्या मध्यापर्यंत जमतं. एप्रिल सरत आला की दुपारनंतर वळीव कधी गाठेल याचा नेम नसतो. जून ते सप्टेंबर तर घरातल्या दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत. तेव्हा कुरडया, पापड आणि वर्षाची मिरची उन्हाळ्यातच उरका. पावसाळ्यात वाळवण करायचं ते डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे गरम हवेने अन्न वाळवणाऱ्या विजेच्या यंत्रात, किंवा ओव्हनमध्ये. पसरट कुरडया त्यांच्या ट्रेवर मावतच नाहीत, त्या यंत्रात करण्याच्या नादी लागू नका. कांदा, मेथी, गवार, टोमॅटो, सांडगे आणि सांडगी मिरची मात्र भर पावसातही उत्तम होतात.

भर पावसात हे जमतं कसं, ते आधी समजून घ्या. जुलैतली २४ अंशांची, ९० टक्के दमट हवा ५५ अंशांपर्यंत तापवली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद पाचपटीहून वाढते. बाष्प तेवढंच राहतं, पण आर्द्रता उतरते ती साधारण १७ टक्क्यांवर. म्हणजे डिहायड्रेटरच्या आत मराठवाड्यातली मे महिन्याची दुपारच तयार होते. पण ही हवा ओलावा घेऊन बाहेर पडली पाहिजे, आणि खोलीतूनही. दोन किलो कांद्यातून जवळपास पावणेदोन लिटर पाणी हवेत जातं. दारं-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात ते पुन्हा यंत्रातच शिरतं आणि दहा तासांचं काम अठरा तासांवर जातं. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा किंवा पावसाची झड येत नाही त्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. त्याच खोलीत कपडे वाळत घालू नका.

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त घोटाळा तापमानात होतो. लवकर व्हावं म्हणून ८०-९० अंशांवर लावलं की फोडीची वरची कातडी कडक होते आणि आतलं पाणी अडकतं. हाताला खडखडीत लागतं, डब्यात भरलं की आठवड्यात बुरशी. पाला ३५ ते ४५, भाज्या ५० ते ५५, फळं आणि टोमॅटो ५७ ते ६०, सांडगे ६० ते ६५ अंश, एवढं लक्षात ठेवा.

नवीन यंत्र घेणार असाल तर मागे पंखा असलेलं, चौकोनी ट्रेंचं घ्या. गोल, एकावर एक रचायच्या ट्रेंचं स्वस्त पडतं, पण त्यात पंखा बहुधा तळाशी असतो. खालचा ट्रे वाळून जातो आणि वरचा ओलाच राहतो, म्हणून दर दोन तासांनी ट्रे वरखाली करावे लागतात. एअर फ्रायरमध्ये मेथीची पानं उडून कॉइलला चिकटतात, जळतातही. पाल्यासाठी तो नकोच.

घरात ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, असेल तर आधी तो तपासा. बऱ्याच ओटीजींचा डायल १०० पासूनच सुरू होतो, काहींवर ६० असतं, आणि डायलवरचा आकडा खरा असेलच असं नाही. ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा. डायल सगळ्यात कमीवर, चालत असेल तर फक्त खालची कॉइल आणि पंखा चालू. दारात लाकडी उलथणं आडवं अडकवून पाच-सहा सेंटिमीटर फट ठेवा. अर्ध्या तासाने पहिला आकडा घ्या, मग दर दहा मिनिटांनी चार-पाच आकडे. थर्मोस्टॅट चालू-बंद होताना दहा-पंधरा अंशांचा झोका असतो, म्हणून एका आकड्यावर भरवसा ठेवू नका. सरासरी ६० च्या आसपास आली तर कांदा, टोमॅटो, सांडगे बिनधास्त करा. ७० च्या वर जात असेल तर फट वाढवा आणि दारासमोर टेबलफॅन लावा. तरी उतरत नसेल तर त्या ओव्हनमध्ये वाळवण करू नका. ओव्हनला डिहायड्रेटरच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. दार उघडं असतं, तेव्हा घरात लहान मूल असेल तर हे काम ते झोपल्यावरच.

ओव्हनसोबत येणाऱ्या पत्र्याच्या ट्रेवर खालून हवा लागत नाही. उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात ओव्हनच्या मापाची स्टीलच्या जाळीची चौकट करून घ्या. जाळी स्टेनलेसचीच सांगा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी स्वस्त असते, पण टोमॅटो आणि दह्याच्या आंबटाने तिचं जस्त अन्नात उतरतं.

आता कांदा. कांदा-लसूण चटणीशिवाय कोल्हापुरात घर चालत नाही, आणि उन्हाळ्यात केलेली पुरली नाही की पावसाळ्यात कांदा वाळवायची वेळ येतेच. लाल, घट्ट, कोंब न आलेला कांदा घ्या. उभे काप ३ ते ४ मिलिमीटरचे, सगळे सारख्या जाडीचे. एक पातळ, एक जाड झाला की पातळ करपतो आणि जाड ओला राहतो. पाकळ्या हाताने मोकळ्या करा, मीठ लावू नका. मीठ पुढे डब्यात ओल ओढतं. ट्रेवर एकच थर, मधून जाळी दिसली पाहिजे. पहिले दोन तास ६०, मग ५५ अंश. एकूण ८ ते १२ तास. सुरुवातीला कांदा भरपूर पाणी सोडतो, त्यामुळे तो ६० अंशांना तापतच नाही. शेवटी मात्र पाणी संपलेलं असतं आणि तेव्हाच तो तांबूस होऊन कडवट होतो, म्हणून अखेरचे दोन तास जवळ राहा. एक किलोचे शंभर ते सव्वाशे ग्रॅम होतात. दोनशे भरले तर वाळलेला नाही, परत लावा. वजनकाटा असेल तर ही खूण बोटांपेक्षा भरवशाची.

लसूण सोलून उभा चिरा, ५५ अंशांना ८ ते १० तास. किलोभर सोललेल्याचा चारशे ग्रॅमच्या आसपास होतो. कांदा-लसणासोबत दुसरं काही लावू नका, सगळ्याला वास लागतो.

मेथीची पानं खुडून, धुऊन, पंख्याखाली पाणी पूर्ण निथळू द्या. ४० ते ४५ अंशांना ४ ते ६ तास. चुरगाळल्यावर चुरा झाला पाहिजे, दुमडलं तर अजून तासभर. अर्धा किलो पानांची ७० ग्रॅम मेथी मिळते. कढीपत्ता तसाच. कोथिंबीर वाळवू नका, वास उडतो आणि हातात गवत राहतं.

गवार, गाजर, फरसबी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून लगेच गार पाण्यात टाका, मगच ट्रेवर लावा. असं केलं नाही तर भाजीतली एन्झाइम चालूच राहतात आणि दोन महिन्यांत रंग पिवळट, चव पेंढ्यासारखी होते. भेंडी आणि कांद्याला याची गरज नाही. टोमॅटोचे काप ७ मिलिमीटरचे, बिया काढून, १० ते १६ तास. किलोचे जेमतेम ६०-७० ग्रॅम होतात, तेव्हा टोमॅटो अगदी स्वस्त असेल तेव्हाच हा उद्योग करा.

सांडगी मिरचीला चीर देऊन मीठ घातलेल्या घट्ट दह्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी ५५ अंशांना पाच-सहा तास, संध्याकाळी उरलेल्या दह्यात परत. असं तीन दिवस. खालच्या ट्रेवर ओव्हनचा कागद घाला, नाहीतर दह्याचे थेंब पंख्यावर जातात. सांडगे बोराएवढेच घाला. लिंबाएवढे घातले तर आतली डाळ वाळायच्या आधी आंबते. चार तासांनी उलटा.

मटण, कोंबडी घरी कमी तापमानात वाळवू नका. मटण आधी आतपर्यंत ७१ अंशांना आणि कोंबडी ७४ अंशांना शिजली नाही तर जंतू तगून राहतात आणि वाळलेल्या मांसात पुढे उष्णतेलाही दाद देत नाहीत. सुकट-बोंबील बाजारातून आणा.

मध्येच वीज गेली तर पहिला तासभर दार उघडू नका. बराच वेळ आली नाही तर ट्रे उचलून फ्रिजमध्ये ठेवा आणि वीज आल्यावर पुढे चालू करा. रात्रभर कोमट, ओलं राहिलेलं टाकून द्या. विजेचा हिशोब सांगायचा तर ५०० वॅटचं यंत्र दहा तास सलग तापलं तरी पाच युनिट. थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात कमीच लागतात.

वाळलंय का, हे गरम असताना बघू नका. गरम फोड नेहमी मऊ लागते. एक तुकडा बाहेर काढून दहा मिनिटं गार करा, मग मोडून पाहा. भाजी कटकन तुटली पाहिजे, फळ चामड्यासारखं वाकलं तरी चालतं, पण दाबल्यावर ओल दिसता कामा नये. बाकीचा माल वीस-तीस मिनिटांत गार झाला की ताबडतोब भरा. तिकडे रात्रभर परातीत ठेवलेलं चालायचं, इथे जुलैत तासाभरात कुरकुरीत कांदा सादळतो.

पहिला आठवडा काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरा आणि रोज एकदा हलवा. काही तुकडे जास्त वाळलेले असतात, काही कमी. त्यांच्यातली ओल या दिवसांत सारखी होते. काचेला आतून दव दिसलं तर सगळं परत यंत्रात. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरू नका, पूर्ण बरणी टाका. गावाहून आलेल्या मिरच्या, खोबरं आणि शेंगदाण्यालाही हाच नियम. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्याने जात नाही. मिरची नुसती सादळली असेल, आत काळी नसेल, तर कांडपाला नेण्याआधी ५० अंशांना दोन तास ठेवा. उन्हात वाळवून आणलेल्या जिनसांत किड्यांची अंडी असू शकतात, त्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा.

आठवड्यानंतर शंभर-शंभर ग्रॅमच्या लहान बरण्यांत, रबरी कड असलेल्या झाकणाखाली, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात गार आणि दमट होतं, आतल्या भिंतीचं निवडा. एका वेळी एकच बरणी फोडा आणि चमचा कोरडा वापरा. भाजी करताना वाटीभर वाळलेल्या गवारीला दोन वाट्या कोमट पाणी, तासभर. त्याहून जास्त भिजवायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. ते पाणी फेकू नका, रश्श्यात घाला.