कॉपीराइटच्या नावाखाली साइट ब्लॉक झाली तर काय करायचं

काल चालणारी साइट आज उघडेना आणि स्क्रीनवर ब्लॉक केल्याची पाटी, की आपण एकतर व्हीपीएन टाकतो नाहीतर ट्विटरवर शिव्या घालतो. ब्लॉक काही त्याने उठत नाही.

आधी बघा ब्लॉक कुठल्या रस्त्याने आलाय. एक रस्ता सरकारचा, आयटी कायद्याचं कलम 69अ, तिथे सगळं गुप्त ठेवायचा नियमच आहे. दुसरा कोर्टाचा, पिक्चर रिलीजच्या तोंडावर निर्माता हायकोर्टात जातो, अनोळखी लोकांविरुद्ध म्हणजे ज्याला वकील 'अशोक कुमार ऑर्डर' म्हणतात ती मागतो, आणि सोबत साइट्सची लांबलचक यादी जोडतो. यादी नीट तपासली जातेच असं नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये मद्रास हायकोर्टाच्या अशाच ऑर्डरमधून 2,600 च्या वर साइट्स ब्लॉक झाल्या आणि त्यात चक्क इंटरनेट आर्काइव्ह, जिथे जुनी पुस्तकं आणि वेबपेजेस जपून ठेवलेली असतात!

पण कॉपीराइटची ऑर्डर बहुधा कोर्टाची असते, 69अ ची गुप्तता तिला लागू नाही. म्हणून पहिलं काम पुरावा: तारखेसकट स्क्रीनशॉट, आणि मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर तीच साइट उघडून बघा. मग आपल्या नेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका, "कुठल्या कोर्टाची ऑर्डर, केस नंबर काय" एवढंच विचारा, भाषण नको. उत्तर नाही आलं तर दूरसंचार विभागाला ऑनलाइन आरटीआय, फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. नंबर मिळाला की ऑर्डर हायकोर्टाच्या साइटवर शोधता येते.

साइट तुमची स्वतःची असेल तर वकिलाकरवी त्याच केसमध्ये अर्ज करा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 नियम 4 खाली मनाई हुकूम बदलून किंवा उठवून मागता येतो. वकिलाला 2016 ची 'ढिशूम' पिक्चरची केस दाखवा. निर्मात्याने आठशेच्या आसपास लिंक ब्लॉक करायला मागितल्या, मुंबई हायकोर्टाचे न्या. गौतम पटेल म्हणाले आधी तपासा, शपथपत्र द्या, सरसकट मिळणार नाही. अख्खी साइट उडाली असेल तर हा मुद्दा फार कामाचा आहे.

फक्त एखादा व्हिडिओ किंवा लेख काढला असेल तर एवढा खटाटोप नको. यूट्यूबवर आधी क्लेम (कुणीतरी मजकुरावर मालकी सांगितलीय) आहे की स्ट्राइक (तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेला इशारा) ते बघा, क्लेमला डिस्प्यूट म्हणजे हरकत, स्ट्राइकला काउंटर नोटिफिकेशन म्हणजे व्हिडिओ परत टाका असा रीतसर अर्ज (त्यात तुमचं नाव समोरच्याला जातं हे लक्षात ठेवा). परीक्षण, टीका, चालू घडामोडी, यांना आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, ते कलम लिहूनच द्या. आणि त्याच कलमाप्रमाणे तक्रारीवरून काढलेल्या मजकुरावर 21 दिवसांत कोर्टाची ऑर्डर आली नाही तर होस्टिंगवाला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तो मजकूर आहे तो, तो परत चालू करू शकतो, ती तारीख मोजून ठेवा आणि बाविसाव्या दिवशी त्याला मेल करा.

आता मूळ दुखणं म्हणजे कायदाच. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि नोव्हेंबरपासून माहिती-प्रसारण मंत्रालयाचे नोडल अधिकारी (याच कामासाठी नेमलेले) पायरेटेड म्हणून तक्रार आलेली लिंक 48 तासांत काढायला सांगू शकतात, कोर्टाची पायरी नाहीच. असल्या कायद्यांचे मसुदे हरकतींसाठी आधी टाकतात, केंद्राच्या 2014 च्या धोरणाप्रमाणे किमान 30 दिवस, पण याच कायद्याच्या 2021 च्या मसुद्याला 18 जून ते 2 जुलै एवढीच मुदत दिली होती. म्हणून मंत्रालयाच्या साइटवर नजर ठेवा. हरकतीत "सेन्सॉरशिप बंद करा" लिहिलं तर कोण वाचणार, कलम नंबर, त्याने नेमकं काय बिघडतं, त्याऐवजी कुठली ओळ हवी, एवढं एका पानात. मराठीत लिहिलं तरी चालतं, गाऱ्हाणं केंद्राकडे असो की राज्याकडे, तिथे वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 350 ने दिलाय. एक प्रत खासदारांनाही. याच 2021 च्या मसुद्यात पास झालेला पिक्चर सरकारने परत तपासायला पाठवायचं कलम होतं, सिनेमावाल्यांनी त्यावर जोरात बोंब मारली, आणि 2023 च्या कायद्यात ते कलम आलं नाही, पायरसीचं मात्र आलं.